खाडीच्या तोंडाशी अर्धा वाव

१० सप्टेंबर, बुधवार

काल संध्याकाळी बाबाने गुणवंतमामांची बोट खाडीच्या तोंडाशी वाळूवर चढवली. ओहोटी लागलेली, वरून पाऊस, समोरचं काही दिसत नव्हतं म्हणे. बोट कलली, पाणी ओसरत गेलं तशी आणखी कलली, आणि नंतरच्या भरतीने तिच्या फळ्या उचकटल्या. इंजिन पाण्यात गेलं. बोटीवरच्या राघोचा पाय मोडला. बाकीचे मांडीइतक्या चिखलातून चालत आले, बाबा सगळ्यात शेवटी.

बाबा चाळीस वर्षं तांडेल आहे. भाईंदरच्या खाडीवर लवू तांडेल म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. मालक बदलले, बोटी बदलल्या, सुकाणूवर हाच. आणि आता हे.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला ते इथे लिहिते, दुसरीकडे बोलता येणार नाही. त्याच्या समोर माझं मशीन होतं. आमच्या कंपनीचं, पण प्रोग्रॅम माझा. खाडीच्या नकाशावर बोट कुठे आहे आणि खाली पाणी किती वाव आहे ते दाखवतं. दोन्ही हात पसरले की एक वाव, एवढं तर लहान पोरालाही कळतं. वीस बोटींवर वीस मशीन लावून दिली, मच्छीमार सोसायटीत उभी राहून मीच सगळ्यांना पटवलं. आणि माझ्याच बापाने त्याच्याकडे न बघता आपलं घोडं पुढे दामटलं. म्हाताऱ्याला आता दिसत नाही, आणि ते कबूल करायचं नाही.

आज घरी गेले तेव्हा विचारलं, "मशीन बघितलंस का?"

"मशीनचं काय घेऊन बसलीस, राघोकडे जाऊन आलीस का?" म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तुझी नोकरी बरी चाललीय ना?"

बोट फुटली आणि हा माझी नोकरी विचारतोय. डोकं ठिकाणावर नाही.


१३ सप्टेंबर

सोसायटीने ठरवलं की चौकशी होईपर्यंत लवूने बोटीवर जायचं नाही. गुणवंतमामा सोसायटीचे चेअरमन आणि बोट त्यांचीच, त्यामुळे चौकशीत काय निघणार ते उघड आहे. आईने ऐकून घेतलं आणि टोपली घेऊन बाजारात गेली.

ऑफिसात आमच्या मालकांनी, परेशभाईंनी, नवीन काम काढलं. पालघरकडच्या दोन सोसायट्यांना आपली मशीन हवी आहेत, पण त्यांचा सल्लागार कागद मागतो. "बिल्ड फाइलमध्ये किती टार्गेट आहेत, कुठलं कशावर डिपेंड आहे, सगळी यादी पाहिजे. एकेक. तू सोडून कुणाला कळतच नाही ते, संचिता. उद्या तुला ताप आला तर मी काय करू?" भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात आठ माणसांची कंपनी. चार माणसं वायर जोडतात, एक हिशेब बघतो, मी सगळं सॉफ्टवेअर. मला ताप आला तर ते खरंच काही करू शकत नाहीत. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.


१७ सप्टेंबर

काल लाजेने मेले.

बाबा रोज पहाटे धक्क्यावर जाऊन उभा राहतो. बोटी सुटायला लागल्या की प्रत्येकीला ओरडून सांगतो, "वसईच्या अंगानं जावा! येताना पण वसईच्या अंगानंच! हिकडनं येऊ नका!" संध्याकाळी परत तेच, छत्री घेऊन. साईराजने मला फोन केला. साईराज त्याच्याच बोटीवर होता, दहा वर्षं त्याच्या हाताखाली शिकला. म्हणाला, "ताई, बाबाला जरा समजव ना. लोक हसतात यार. ज्यानं चढवली तोच रस्ता सांगतोय."

"तुम्ही ऐकता का त्याचं?"

"ऐकायला लागतं. न्हाय ऐकलं तर शिव्या घालत धक्क्यावरनं पळत येतो. कटकट नको म्हणून लांबनं वळसा मारतो सगळे."

ऑफिस सोडून गेले. बाबाला हाताला धरून घरी आणला, सगळ्यांसमोर. तो आला मुकाट्याने. आज पहाटे परत गेला, आईने सांगितलं.


२२ सप्टेंबर

यादीचं काम सुरू. एकोणचाळीस टार्गेट झाली, बावीस राहिली.

काम किचकट आहे पण मला आवडतं, हे फक्त इथेच लिहू शकते. बिल्ड फाइल म्हणजे सॉफ्टवेअर कसं बनवायचं याची कॉम्प्युटरसाठीची पाककृती. एका बाजूला काय बनवायचं ते, म्हणजे टार्गेट, मग दोन टिंबं, मग ते कशाकशापासून बनतं ते. मशीनचं पूर्ण सॉफ्टवेअर हे पहिलं टार्गेट. ते नकाशावर अवलंबून. नकाशा किनाऱ्यावर, दिव्यांवर आणि खोलीच्या तक्त्यावर. तक्ता मोजणीच्या आकड्यांवर. कॉम्प्युटर फक्त तारखा बघतो: आकड्यांची फाइल तक्त्यापेक्षा नवी असेल तर तक्ता पुन्हा बनव, नसेल तर हात लावू नकोस. त्याला आत काय आहे याच्याशी घेणंदेणं नाही. हे ज्याला माहीत आहे त्याला वेळेवर काम उरकता येतं. एखादी गोष्ट बनायला दोन तास लागणार असतील आणि आत्ता नको असेल, तर नुसती तिची तारीख आजची करून टाकायची. 'टच' म्हणून एका शब्दाची आज्ञा आहे. मग कॉम्प्युटर समजतो ताजं आहे, आणि पुढे जातो. नवीन पोरांना हे येत नाही, ते दोन-दोन तास चहा पीत बसतात.

आकड्यांवरून आठवलं. ते आकडे बाबाचेच आहेत. पावसात खाडीच्या तोंडाशी वाळू सरकते, म्हणून दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या सुमाराला एखादा जुना तांडेल खुणा केलेला बांबू घेऊन छोट्या होडीतून तोंड मोजून येतो. आता हे काम फक्त बाबाला येतं. यंदा तीन दिवस मोजत होता. तो बांबू टाकून ओरडायचा, साईराज वहीत लिहायचा, मी ते टाइप केले. मशीन हातात घेतलं तेव्हा केवढा खूश होता. "म्हणजे ह्यात माझाच बांबू हाय."

स्वतः मोजलेल्या वाळूवर स्वतःच बोट चढवली. साठी उलटली की असं होत असेल.


२५ सप्टेंबर

गुणवंतमामांच्या फुटक्या बोटीवरचं मशीन बाबाने काढून घरी आणलंय. टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात, आईच्या साड्यांखाली. मी म्हटलं, "ते कंपनीचं आहे, चालू आहे का बघू दे," तर हातसुद्धा लावू दिला नाही.

"बिघडलंय. पाणी गेलंय."

"मग दुरुस्तीला नेते."

"न्हाय नेयाचं." मग जरा वेळाने, तोंड दुसरीकडे करून, "ह्यात आकडे भरल्यावर कोण बघतं गो? तू एकटीच का अजून कुणी?"

मी चिडले. म्हटलं, "मी एकटीच. आणि मी बघते. माझ्या कामाची चिंता तू करू नकोस." म्हाताऱ्याला खापर फोडायला कुणीतरी हवंय, आणि मीच सापडले.

"मी कुठं काय बोललो," म्हणाला.


२९ सप्टेंबर, सोमवार

यादीत प्रत्येक टार्गेटसमोर ते शेवटचं कधी बनलं ती तारीख लिहायची होती. सल्लागाराचा हट्ट. खोलीच्या तक्त्यासमोर लिहिली: २२ ऑगस्ट. बरोबर, आकडे २० ऑगस्टला आले, तक्ता त्यानंतरचा. पुढच्या रकान्यात फाइलचा आकार. तो लिहिताना हात थांबला. गेल्या वर्षीच्या तक्त्याचा आकार अगदी तेवढाच होता, शेवटच्या अंकापर्यंत. तीनशे बिंदू नव्याने मोजल्यावर असं होत नाही.

दोन्ही उघडून शेजारी ठेवले. एकही आकडा वेगळा नाही.

मग आठवलं. २२ ऑगस्ट, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर नारळ फोडून मशीन द्यायची होती. तक्ता बनायला दोन तास लागत आणि दर वेळी शेवटाला अडकायचा, आकड्यांत कुठेतरी एक चुकीचं चिन्ह पडलेलं. परेशभाई दर दहा मिनिटांनी, "झालं का, झालं का." मी टच मारला. तक्त्याची तारीख त्या दिवशीची झाली, सगळं बिनबोभाट पुढे गेलं. सोमवारी नीट करते म्हटलं. मग गणपती आले.

वीस मशीन. वीसही मशीनमध्ये गेल्या वर्षीची वाळू.

खाडीच्या तोंडाशी, भाईंदरच्या अंगाला, मशीन सांगत होतं: ओहोटीला दोन वाव. यंदाच्या फाइलीत बाबाचा आकडा आहे अर्धा वाव. साईराजच्या वहीचा फोटोपण माझ्याच फोनमध्ये आहे. अर्ध्या वावाखाली त्याने दोन रेघा मारल्यात. बाबानेच मारायला लावल्या असतील.

या वहीत मी त्याला म्हातारा म्हटलंय. मागची पानं चाळली, पुन्हा पुन्हा म्हटलंय. आणि धक्क्यावर तो जे ओरडत होता ते मी हाताला धरून बंद पाडायला गेले होते. बाकीच्या एकोणीस बोटी त्या ओरडण्याने वाचल्या.


३० सप्टेंबर

काल संध्याकाळीच चुकीचं चिन्ह शोधलं, तक्ता नीट बनवला. चार वेळा तपासला. सकाळी परेशभाईंना सगळं सांगितलं.

ते उठले. केबिनचं दार लावलं. "कुणी मेलं नाही ना? मग पहिलं काम मशीन अपडेट कर. आज नाही, आत्ता. बाकी नंतर." ही त्यांची चांगली बाजू. मग म्हणाले, "पण कारण काय सांगणार? खरं सांगितलं तर उद्या वीस मशीन परत येतील, पालघरच्या दोन ऑर्डरी गेल्या, आठ घरं बसतील. आपण लिहू, सणानिमित्त स्क्रीनचे रंग सुधारले. चालेल?"

मी म्हटलं चालेल. लोक पाण्यावर होते, मला फक्त तो आकडा बदलायची घाई होती. असं मी स्वतःला सांगतेय. दारामागे बसलेली आठ घरं मलाही दिसत होती आणि त्यात माझं एक होतं.


२ ऑक्टोबर, दसरा

सगळ्या बोटींना हार घातलेले. एकेक बोट फिरून मशीन अपडेट केलं. बायकांनी मला पण हळदकुंकू लावलं. साईराज म्हणाला, "रंग मस्त झालेत ताई, उन्हात पण दिसतं आता." रंग मी खरोखरच बदलले होते. खोटं बोलायचं तर निदान पूर्ण बोलावं.


५ ऑक्टोबर, रविवार

शांती नगरातल्या माझ्या खोलीतून निघताना ठरवलं होतं, आज सांगायचंच. आई बाजारात होती. बाबा ओट्यावर जाळं विणत होता, कुणाचं ते माहीत नाही, त्याला आता जाळं लागत नाही.

सगळं सांगितलं. टच म्हणजे काय तेही. तो विणत राहिला.

"मला ठाव हाय," म्हणाला.

"काय?"

"ते काय टच का काय ते न्हाय. आकडा. पडद्यावर दोन वाव दिसत व्हतं. मी अर्धा बोललो व्हतो."

मी ओट्यावर त्याच्या समोर बसले. "दिसत होतं? तू बघत होतास? मग का गेलास बाबा?"

तेव्हा त्याने सुई ठेवली. "पाऊस व्हता. बांबू टाकायला थांबलो असतो तर पाणी अजून उतरलं असतं. पडदा बघितला. म्हटलं, मी अर्धा बोललो व्हतो ना? का दुसऱ्या जागेला? मग म्हटलं, तू लिवलंय. तू शिकलेली, तुझं चुकणार न्हाय. मीच इसरलो असंन."

तो म्हातारपणाला शिव्या देत नव्हता, रडत नव्हता, आज मासळी काय भाव हे सांगावं तसं सांगत होता. मी मात्र आईची साडी तोंडाला लावून रडले, दोरीवर वाळत होती ती. त्याला चाळीस वर्षांची खाडी पाठ होती आणि माझ्या एका शब्दावर त्याने ती खोटी मानली.

"पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे," मी म्हटलं. "मी उभी राहून सांगणार."

"नको."

"सांगणार."

"मशीन आता नीट हाय ना?"

"आहे."

"मग नको," म्हणाला आणि सुई उचलली.


१२ ऑक्टोबर, रविवार

लगेच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी यातलं काहीतरी माझ्या सोयीचं करून टाकीन.

देवळामागच्या मंडपात मीटिंग. साठेक माणसं, मागे बायका, त्यात आई. गुणवंतमामांनी सुरुवात केली. लवूचं वय झालं, आपल्याला त्याचा मान आहे, पण राघोचं वर्षभराचं काम गेलं, पुढच्या वेळी माणूस जाईल. मग म्हणाले, कुणाला बोलायचंय?

मी उठले. सांगितलं. बाबाची चूक नाही, मशीनमध्ये जुने आकडे होते, ते माझ्यामुळे राहिले. यादीचा कागद काढला, तारखा दाखवल्या, दोन्ही तक्ते दाखवले. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, कुणीतरी अंगावर येईल. मी त्याची तयारी करून गेले होते. राजीनामासुद्धा पिशवीत होता.

कुणी ओरडलं नाही. सगळे माझ्याकडे असे बघत होते की जणू माझंच काहीतरी दुखतंय.

बाबा उठला. "पोर मला वाचवायला बघते," म्हणाला. "मशीन नीट व्हतं. मी तिकडं बघितलंच न्हाय."

"बाबा, खोटं बोलू नकोस!"

"साईराज," गुणवंतमामा म्हणाले, "तू बोटीवर व्हतास. मशीनवर काय दिसत व्हतं?"

"मी पुढं टोकाला, नाळेवर व्हतो मामा. मला न्हाय दिसलं." मग तो उठला, सध्या तो ज्या बोटीवर जातो तिचं मशीन आणलं होतं ते चालू केलं, नकाशात खाडीच्या तोंडावर बोट टेकवलं. "हे बघा की. अर्धा वाव. बरोबर तर दाखवतंय. लवूबाबानं मोजलेलंच."

मशीन हातोहात फिरलं. प्रत्येक जण वाकून बघायचा आणि मग बाबाकडे बघायचा. मी ओरडत होते की हे मी दसऱ्याला बदललं, आधी दोन वाव होतं. जुना आकडा आता फक्त आईच्या साड्यांखालच्या त्या मशीनमध्ये उरला होता, आणि त्याला बाबा कुणाला हात लावू देणार नव्हता. गुणवंतमामा हळू आवाजात म्हणाले, "दसऱ्याला तर रंग बदललेस ना गो? परेशभाईचा मेसेज आलाय आमच्याकडं." आणि फोनवर वाचून दाखवला. सणानिमित्त स्क्रीनचे रंग सुधारले आहेत.

मी खरं बोलण्याआधी बाबा नुसता म्हातारा होता, पावसात वाट चुकलेला. मी बोलले आणि मशीन फिरलं, त्यानंतर तो समोर अर्धा वाव लिहिलेलं असताना सहा माणसांना घेऊन वाळूवर गेलेला माणूस झाला. मागून राघोची बायको म्हणाली, "आंधळा झाला व्हता काय हा?" आईने ते ऐकलं.

ठराव झाला. लवूने यापुढे बोट घ्यायची नाही. बोट दुरुस्त झाली की साईराज तांडेल. आणि पुढच्या वर्षीपासून खाडीचं तोंड मोजायचं काम लवूकडे नको. दिसत नाही त्याचा आकडा कसा धरायचा?

उठताना गुणवंतमामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बापासाठी अशी उभी राहणारी पोर सगळ्यांना मिळो," म्हणाले. बायकासुद्धा तेच म्हणाल्या. साईराजने चहा आणून दिला. मला तो कप कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटला, पण प्यायला.

घरी जाताना बाबाला विचारलं, का केलंस?

चालता चालता म्हणाला, "वीस बोटी हायत. तुझं ऐकलं असतं तर उद्या समदी मशीन काढून ठेवली असती. मग ही पोरं काय बघून जातील? बांबू येतो का कुणाला? मशीनमधला आकडा आता बरोबर हाय. त्याच्यावर भरवसा ऱ्हायला पायजे."

"मग शिकव ना त्यांना बांबू. अजून वेळ आहे."

"आज साठ माणसांसमोर मी चुकलो ना," म्हणाला. "आता माझ्याकडून कोण शिकंल?"

त्याने हे ठरवून केलं होतं, आणि यातलं किती त्याला आधी दिसलं होतं मला माहीत नाही. पुढच्या पावसात वाळू परत सरकणार, हे त्याला नक्की माहीत होतं. ते त्याने हिशेबात धरलं नसेल असं होणार नाही. त्याने काहीतरी एक वाचवलं, एवढंच.


१६ ऑक्टोबर, गुरुवार

राजीनामा परेशभाईंनी वाचला, घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवला. "आपण दिवाळीनंतर बोलू. इमोशनल होऊन निर्णय नको." पालघरची ऑर्डर आली. सोसायटीनेपण एक आभाराचं पत्र पाठवलंय, मशीन अचूक असल्याबद्दल. ते फ्रेम करणार आहेत.

सकाळी घरी जाऊन आले. बाबा धक्क्यावर गेला नव्हता. आता ओरडायची गरज नाही, मशीन बरोबर सांगतं. आई म्हणाली, तो पाच वाजताच उठतो, चहा घेतो आणि बसून राहतो.

दुपारी यादी पूर्ण करून दिली. एकसष्ट टार्गेट, प्रत्येकासमोर ते कशावर अवलंबून आहे ते. परेशभाईंनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"हे 'आकडे'. याच्यापुढे काहीच नाही लिहिलं? हे कशावर डिपेंड आहे?"

"यंदापर्यंत एका बांबूवर होतं," मी म्हटलं. "पुढच्या ऑगस्टपासून कशावरच नाही."

त्यांनी मान हलवली आणि त्या रकान्यात आपल्या पेनने एक आडवी रेघ मारली.